डागडुजीसाठीही एक गाळा हवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

काही वर्षांपूर्वी रायपूर, कांकेर आणि केशकालचा घाट या मार्गाने आम्ही बस्तरला गेलो होतो. कोंडागावला धातूचे ओतकाम करणाऱ्या घडवा समाजातील एका कारागिराच्या अंगणात बसून घेतलेले पितळी पदक एवढीच त्या प्रवासाची खूण माझ्याजवळ उरली होती. (चारोळीही आणली होती, पण ती आठवडाभरात संपली.) गेल्या महिन्यात पदकाची कडी तुटली, म्हणून नागपूरच्या इतवारीतील दागिन्यांच्या एका कारागिराकडे ते झाळायला दिले. कडी उत्तम बसवून मिळाली. परंतु न सांगता पदक पॉलिशच्या चाकावर धरून चकचकीतही करून मिळाले, आणि त्यावरचे दोऱ्यासारखे बारीक पीळ जवळजवळ सपाट झाले.

हे पीळ म्हणजे वरून केलेली नक्षी नव्हे. घडवा कारागिरांच्या या ओतकामाला ढोकरा म्हणतात; त्यात आधी मातीचा गाभा करतात, त्यावर मधमाश्यांच्या मेणाचे हाताने ओढलेले दोरे एकाशेजारी एक गुंडाळतात, वरून पुन्हा मातीचे थर देतात आणि भट्टीत मेण वितळून गेल्यावर त्याच पोकळीत पितळेचा रस ओततात. मोहेंजोदडोची सुमारे १०.५ सेंटीमीटर उंचीची नर्तिकाही मेण वितळवून ओतण्याच्या याच पद्धतीची आहे. म्हणजे मेणावर बोटांनी जे केले तेच धातूत उतरते, आणि साचा फोडल्याशिवाय वस्तू बाहेर येत नसल्यामुळे तशीच दुसरी वस्तू त्या कारागिरालाही काढून देता येत नाही. सोन्याच्या दागिन्यांवर रोज हात चालवणाऱ्याला तो खडबडीतपणा दोष वाटला असेल, तर मी त्याला फारसा दोष देणार नाही; ‘कडीखेरीज कशालाही हात लावू नका’ असे मीच सांगायला हवे होते.

तरीही यातून एक सूचना करावीशी वाटते. सिव्हिल लाइन्समधील दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या आवारात ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा भरतो आणि निरनिराळ्या राज्यांचे कारागीर तेथे स्वतः बसलेले असतात. ज्यांच्या हाताला या वस्तूंची जात ठाऊक आहे, अशी माणसे एरवी शहरात शोधूनही सापडत नाहीत. मेळ्याचे सगळे गाळे विक्रीसाठीच असण्याऐवजी एक गाळा जुन्या वस्तूंच्या डागडुजीसाठी ठेवावा. तुटलेली कडी, निखळलेला मणी, काळवंडलेली चांदी घेऊन लोक नक्की येतील आणि कारागिराला त्याची रीतसर मजुरीही मिळेल. भट्टीचे काम मेळ्यात होणे अवघड आहे, हे मान्य. पण काय करावे आणि मुख्य म्हणजे काय करू नये, एवढे तरी जाणकाराकडून कळेल. त्याचबरोबर विकलेल्या प्रत्येक दागिन्यासोबत धातू, गाव, घडवण्याची पद्धत आणि निगा यांविषयी चार ओळींची मराठी चिठ्ठी द्यावी. तशी चिठ्ठी माझ्याजवळ असती, तर पदकाबरोबर तीही मी इतवारीत दिली असती.

आपली,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर