सवयीचे २१ दिवस आणि राजाराम बंधाऱ्याचे ३९ फूट

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत मागं '२१ दिवसांत लावा चांगली सवय' असं मोठ्या अक्षरात आलं होतं. मी ते कात्रण कापून आमच्या मूर्तीकामाच्या शेडच्या दाराला चिकटवलं होतं, कारण तेव्हा नुकतीच शुगर निघालेली आणि डॉक्टर म्हणाले रोज चालायचं. ठरवलं रंकाळा तलावाला चक्कर. चौदा दिवस गेलो, आता खोटं कशाला बोलू, त्यातले चार-पाच दिवस अर्धी चक्कर मारून येताना मिसळ हाणली, पंधराव्या दिवशी धो धो पाऊस, सोळाव्या दिवशी भावकीत मयत, आणि मग डोक्यात आलं की आता मोजणी परत एकपासनं, गेलं सगळं, आणि जो घरी बसलो तो बसलोच.

माझी मुलगी सायकॉलॉजी घेऊन बी.ए. करते, ती ते कात्रण बघून हसायलाच लागली. म्हणाली पप्पा, हे २१ कुठनं आलं म्हाईत हाय का? अमेरिकेत मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचा प्लास्टिक सर्जन होता, त्याला दिसलं की नाक-तोंड बदललेल्या पेशंटला आपला नवीन चेहरा अंगवळणी पडायला कमीत कमी २१ दिवस तरी लागतात, ते त्यानं १९६० साली पुस्तकात लिहिलं. पुढं लोकांनी त्यातलं 'कमीत कमी' गाळलं, नाकाचं चालण्याला लावलं आणि झाला नियम! खरी मोजणी केली ती लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लाली आणि तिच्या सोबत्यांनी, २००९ ला छापून आली. ९६ माणसं, १२ आठवडे, प्रत्येकानं रोज ठरलेल्या एका वेळी एकच गोष्ट करायची. आपोआप व्हायला लागायला साधारण ६६ दिवस लागतात असं निघालं, पण कुणाचं १८ दिवसांत जमलं तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब आला, आणि व्यायामाला खाण्यापिण्याच्या सवयीपेक्षा जास्त वेळ लागला. माझ्यासाठी कामाची गोष्ट पुढंच होती, की मध्येच एखादा दिवस चुकला तर त्यानं फारसं काही बिघडत न्हाई. म्हणजे मला पावसानं न्हाई, त्या कात्रणानं बसवलं घरी. राग मानू नका साहेब.

आता मी चालतोय, पण रंकाळा सोडला. आमच्या घरी गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं दूध लागतं, ते आणायला मी गाडीवर जायचो, आता मंडळी सकाळी गाडीची किल्ली कुठं ठेवतात ते मला आजतागायत सापडलेलं न्हाई. चालत गेलं तर दूध, दूध आलं तर चहा. मन घट्ट करायची गरजच पडत न्हाई. तालमीत तरी वेगळं काय असतंय, वस्ताद पहाटे पोराला 'आज मूड हाय का' असं विचारतो का? मुलगी म्हणती याला पण अभ्यास हाय, पीटर गॉलविट्झर म्हणून मानसशास्त्रज्ञ हायत, त्यांनी १९९९ ला मांडलं की 'मी व्यायाम करणार' असं नुसतं म्हणण्यापेक्षा 'अमुक झालं की मी तमुक करणार' असं ठरवणाऱ्याचं काम जास्त वेळा तडीस जातं.

हे ऐकलं आणि मला २०१९ चा पूर आठवला, खरं तर त्यासाठीच हे पत्र लिहितोय.

आम्ही शाहूपुरीकडचे. ऑगस्ट म्हणजे निम्म्या मूर्ती रंगलेल्या, निम्म्या ओल्या. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोराला पण पाठ असतंय, पण ३९ झालं तेव्हा आम्ही काय केलं, तर पंचगंगेच्या पुलावर जाऊन पाणी बघून आलो. ४३ झालं तेव्हा भिंतीवरची २००५ च्या पुराची खूण बघितली आणि म्हटलं ह्याच्या वर काय येत न्हाई. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. खूण पाण्यात, मूर्ती पाण्यात, साचे पण.

पण नुसतं खुणेमुळं फसलो असं म्हणणं सोपं हाय. मूर्ती हलवायच्या म्हटल्या की आठ-दहांची बोटं, सोंडा मोडणार म्हणजे मोडणार, ते नुकसान डोळ्यासमोर दिसतंय, आणि न हलवता बसलो तर एक तर काहीच जाणार न्हाई नाहीतर सगळंच जाणार. आम्ही जुगार खेळलो. डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की या दोघांनी १९७९ लाच मांडून ठेवलंय की फायदा दिसत असला की माणूस हातातलं धरतो, पण नुकसान दिसायला लागलं की पक्कं छोटं नुकसान घेण्यापेक्षा मोठी जोखीम पत्करतो. कानमनना २००२ ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आम्हाला चिखल.

मग २०२१ च्या मे महिन्यात, ऊन रखरखत असताना, कोळशानं शेडच्या भिंतीवर लिहिलं : ३५ ला साचे माळ्यावर, ३७ ला टेम्पोवाल्याला फोन, ३९ ला मोठ्या मूर्ती बाहेर, चर्चा बंद. जुलैत पाणी असं झपाट्यानं चढलं की विचार करायला वेळच नव्हता, आणि तो आधीच करून ठेवलेला म्हणून बरंचसं वाचलं. २०२४ ला परत हलवल्या, नदी धोक्याच्या वर गेली पण आमच्या उंबऱ्याला काय शिवली न्हाई, टेम्पोचं भाडं गेलं, चार सोंडा मोडल्या, गल्लीनं चिडवलं. मी पण दोन दिवस खट्टू होतो, मग कळलं की पाणी आलं न्हाई म्हणून निर्णय चुकला असं होत न्हाई, २०१९ ला ३९ फुटाला बसून राहिलो तो चुकलेला होता, मग त्या वर्षी पाणी आलं नसतं तरी.

तर विनंती अशी हाय. पावसाळ्यात आपण रोज बंधाऱ्याची पातळी छापता, ते छापाच. पण एकदा मे महिन्यात एक रिकामा तक्ता छापा, डाव्या बाजूला ३५, ३७, ३९, ४१, ४३ फूट आणि उजवीकडं मोकळ्या रेघा, प्रत्येकानं आपापल्या घराचं, गोठ्याचं, दुकानाचं भरून भिंतीला लावायचं. म्हशी कुणाकडं नेणार, म्हातारी माणसं कुणाच्या घरी, कागदपत्रांची पिशवी कोण उचलणार. नदी भरल्यावर घराघरात याच्यावरनं भांडणं होतात, आमच्यात झाली होती, आईनं दोन तास घर सोडायला नकार दिला होता.

आणि तो २१ दिवसांचा मथळा परत छापायची वेळ आली तर २१ च्या आधी 'कमीत कमी' एवढं तेवढं घाला.

आपला,
एक मूर्तीकार वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर