इमारतीच्या सुरक्षेबाबत रविवारी सभा
सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी १० वाजता वाहनतळात इमारतीच्या सुरक्षाव्यवस्थेचा आढावा घेण्यासाठी सभा होईल. प्रत्येक सदनिकेतून किमान एकाने उपस्थित राहावे. भाडेकरूंनीही अवश्य यावे.

कॅमेरे बसविले म्हणजे चोरी थांबते असे नाही. जिन्याजवळच्या कॅमेऱ्यापुढे कोळ्याचे जाळे झाले असून रात्री इन्फ्रारेड प्रकाश त्यावरूनच परावर्तित होतो व चित्र पांढरे दिसते. शिवाय हार्डडिस्क भरली की जुने चित्रण आपोआप पुसले जाते, त्यामुळे घटना वेळेत कळविली नाही तर पुरावाच उरत नाही. समितीच्या मते खरा उपयोग होतो तो प्रवेशद्वारावरील विचारपुशीचा, आणि नेमकी तिथेच आपली ढिलाई होते.

तरी सर्वांना विनंती आहे की :

१. पार्सल घेऊन येणाऱ्यास वर सोडण्यापूर्वी सुरक्षारक्षक इंटरकॉमवर विचारतील. त्यांच्यावर चिडू नये.

२. मागचे दार वीट लावून उघडे ठेवू नये.

३. नाशिकच्या २०२७ च्या सिंहस्थासाठी सदनिका भाड्याने देणाऱ्यांनी भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात नोंदवून तिची प्रत सोसायटीच्या कार्यालयात आणून द्यावी.

संशयास्पद हालचाल दिसल्यास आधी ११२ क्रमांकावर कळवावे, नंतर समितीला.

सचिव, व्यवस्थापन समिती