झाकण लावणारा माणूस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. एका भागाची तपासणी पुरी झालेली नसताना तू सही करायला नकार दिलास आणि त्यावरून तुला आडमुठा ठरवलं, हे वाचून जीव तुटला. वाचतानाच गुंटर वेंट डोळ्यांसमोर आला, अमेरिकी अंतराळवीरांना यानात बसवून झाकण लावणारा माणूस. त्याच्याबद्दल तुला कधीपासून सांगायचं होतं.

वेंट बर्लिनचा. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलात, रात्री लढणाऱ्या विमानांवर तो फ्लाइट इंजिनिअर होता. म्हणजे हिटलरच्या फौजेतून लढलेला. ते झाकून त्याचं कौतुक करावं असं मला वाटत नाही. 1949 मध्ये तो अमेरिकेत, सेंट लुईसला वडिलांकडे आला. विमानांचं काम हाताला होतं, पण अमेरिकेचं नागरिकत्व नव्हतं, आणि संरक्षणाची कामं करणारे कारखाने परक्याला घेईनात. मग ट्रक दुरुस्त केले. 1955 मध्ये नागरिकत्व मिळालं आणि मॅकडॉनेल कंपनीनं त्याला घेतलं. मर्क्युरी आणि जेमिनी ही अमेरिकेची सुरुवातीची, माणसं नेणारी अंतराळयानं याच कंपनीची.

पुढे फ्लोरिडातल्या केप कॅनव्हरल या उड्डाणतळावर रॉकेटशेजारच्या मनोऱ्यावर, यानाच्या दाराशी असलेल्या ‘व्हाइट रूम’ या खोलीचा तो प्रमुख झाला. पांढरा कोट, पांढरी टोपी, चष्मा आणि बो टाय. अंतराळवीराला आत बसवायचं, पट्टे आवळायचे, हात मिळवायचा आणि झाकण लावायचं. तिथं त्याच्या परवानगीशिवाय कुणी कशाला हात लावायचा नाही. एक इंजिनिअर ऐकेना, तेव्हा वेंटनं सुरक्षारक्षकांना बोलावून त्याला बाहेर काढायला लावलं, असा किस्सा सांगतात. खरा-खोटा देव जाणे, पण त्याच्या स्वभावाला शोभतो. अंतराळवीर जॉन ग्लेननं त्याचं नाव ‘पॅड फ्युरर’, म्हणजे उड्डाणतळाचा हुकूमशहा, असं पाडलं होतं, आणि तरीही अंतराळवीरांना दाराशी तोच हवा असायचा.

मर्क्युरीच्या झाकणाला 70 बोल्ट असायचे. जुलै 1961 मध्ये अंतराळवीर ग्रिसमच्या उड्डाणाआधी त्यातला एक नीट बसेना. 69 पुरेत, असं ठरलं आणि यान तसंच गेलं. 20 फेब्रुवारी 1962 ला ग्लेन आत बसलेला, झाकण जवळजवळ आवळून झालेलं, आणि एक बोल्ट तुटलेला सापडला. आधी 69 वर भागलं होतं, तर आताही भागलं असतं. तरी झाकण पुन्हा काढलं, बोल्ट बदलला, त्यात सुमारे 40 मिनिटं गेली. सगळं जग उड्डाणाकडे डोळे लावून बसलेलं असताना! अशा 40 मिनिटांत तिथं उभं राहणं काय असतं, ते तुला वेगळं सांगायला नको.

ग्लेनच्या पत्नीला वेंटनं स्पष्ट सांगितलं होतं, की जॉन सुखरूप परत येईलच अशी हमी मी देऊ शकत नाही, ते खोटं ठरेल. इतकी यंत्रं गुंतलेली असताना कुणीच ती देऊ शकणार नाही. हमी एवढीच, की यान निघेल तेव्हा ते शक्य तितक्या उत्तम स्थितीत असेल. आणि काही बरंवाईट झालंच, तर तुमच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगता यावं, की आम्ही आमच्याकडून काही कमी केलं नाही. हे मी अनेकदा वाचलंय. दरवेळी घशाशी काहीतरी येतं.

चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानाचं काम दुसऱ्या कंपनीकडे गेलं आणि वेंट मनोऱ्यावरून गेला. 27 जानेवारी 1967 ला अपोलो 1 च्या चाचणीत आग लागली. ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तिघे अंतराळवीर आतच मरण पावले. आत दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन, आणि दार आतल्या बाजूला उघडणारं. त्यानंतर अपोलो 7 चा कप्तान वॉली शिरा हटूनच बसला, की वेंट हवाच. नव्या कंपनीनं त्याला घेतलं. जुलै 1969 मध्ये आर्मस्ट्राँग, कॉलिन्स आणि ऑल्ड्रिन चंद्राकडे निघाले तेव्हा दाराशी तोच होता, आणि आर्मस्ट्राँगला देण्यासाठी त्यानं चंद्राची किल्ली बनवून आणली होती, थर्मोकोलची, वर चांदीसारखा कागद. एवढा कडक माणूस, पण हा हळवेपणा त्यानं जपला होता. पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या स्पेस शटल यानांचा काळ पाहून 1989 मध्ये तो निवृत्त झाला, 2010 मध्ये गेला.

तुझ्या वरिष्ठांशी वाद घालत बसू नकोस. सही का केली नाही ते तारीख, वेळ आणि मोजमापांसह लेखी दे, पोच घे, आणि एक प्रत स्वतःजवळ ठेव. त्या भागाची तपासणी पुरी झाली की लगेच कळव. मी वाट बघतोय.

तुझाच,
जुना मित्र