मॉरिशसहून पत्र

प्रिय आई, बाबा,

आई, मावशीने माझे फोटो बघितल्यापासून तुला काळजी लागलीय ना, आधी ते टेन्शन घालवते. मी एकटी रात्रीची कुठे भटकत नाही गं, मावशीने बघितलेले फोटो सगळे दिवसाउजेडीचे आहेत, इथे संध्याकाळी दुकानंच लवकर बंद होतात आणि गावाकडच्या बसही, मग भटकणार कुठे! एबेनहून, म्हणजे मी असते तिथून, मेट्रो पकडली की पोर्ट लुईला, इथल्या राजधानीत, उतरायचं आणि पुढे सगळं पायीच. सिटाडेलचा किल्ला बघितला, इंग्रजांचा, वरून अख्खं बंदर दिसतं, पण बाबा, आपल्या किल्ल्यांची सर नाही त्याला.

आप्रवासी घाट, म्हणजे बंदरावर मजूर उतरायचे ती जागा, मात्र तुम्हाला दाखवायचाच आहे. १८३४ पासून जवळजवळ पाच लाख गिरमिटिया, म्हणजे करारावर आणलेले मजूर, या बेटावर आले, त्यातले बहुतेक इथल्याच १६ दगडी पायऱ्या चढून. मुंबई बंदरातूनही जहाजं यायची, आपल्या रत्नागिरीकडची माणसंसुद्धा होती. त्यांचे कागद मोकाच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेत, नाव, गाव, काहींचे फोटोपण. ले मॉर्नच्या डोंगराकडे बस कमी म्हणून ऑफिसच्या मुलींबरोबर गाडीने गेले. मळ्यांतून पळालेले गुलाम तिथे लपायचे. वर चढले नाही, खालूनच बघितला, शपथ!

जेवणाचं विचारू नकोस, मस्त चाललंय. इथे धोल पुरी म्हणून प्रकार आहे, म्हणजे बघ, पुरणपोळीच, पण गूळ नाही, डाळीत हळद-जिरं, वर बीन्सचा रस्सा, टोमॅटोचं रुगाय, मिरचीची चटणी, गुंडाळून कागदात देतात आणि लोक रस्त्यावर उभ्या उभ्या खातात. एक मागायची सोयच नाही, जोडीच मिळते, मी म्हटलं एकच द्या तर बाई माझ्याकडे बघतच राहिली. आणि सणावारी हीच तिखटमिठाची पुरी खिरीबरोबर! मला अजून कळलेलं नाही.

गणपतीला यायला नाही जमणार, रजा दादाच्या लग्नासाठी ठेवलीय. इथे चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, कास्कावेलची मराठी मंडळी घरी बोलवतात, बोलतात क्रिओल, म्हणजे इथली बोली, पण आरती मराठीत, त्यामुळे माझी काळजी नको. नैवेद्याचं तुलाच एकटीला बघावं लागणार, ते मात्र मनातून जात नाही.

हप्त्याचे पैसे पाठवलेत, लग्नाच्या हॉलचा अॅडव्हान्स त्यातूनच द्या, बाबा, पीएफला हात लावू नका. आणि पुण्याच्या त्या स्थळाला आत्ताच हो म्हणू नका, आधी मला त्याच्याशी फोनवर बोलू दे.

तुमची,
चिमी