बाहुल्यांच्या त्या गावात काम दिसतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या परदेशी बालमालिकांवर लेख आला होता. त्यात ‘कॅम्बरविक ग्रीन’ या 1966 सालच्या ब्रिटिश मालिकेची दोन-तीन वाक्यांत बोळवण केली आहे. साधंसुधं गाव, गोड बाहुल्या, आणि आज साठीत असलेले इंग्रज ती केवळ बालपणाच्या आठवणीपोटी पाहतात, असा एकंदर सूर होता. तो मला पटला नाही, म्हणून हे पत्र.

नोकरीनिमित्त आम्ही काही वर्षं इंग्लंडमध्ये राहिलो. तिथल्या वाचनालयातून आणलेल्या डीव्हीडीवर माझ्या मुलीने ही मालिका पाहिली. तिच्या बालपणाचा 1966 सालाशी काडीचाही संबंध नव्हता. तरीही ती जागची हलत नसे, आणि पुन्हा तोच भाग लावायला सांगे. याला आठवणींचा उमाळा कसं म्हणायचं?

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. गॉर्डन मरे हे बीबीसीत बाहुल्यांचे कार्यक्रम करत. तिथून बाहेर पडून त्यांनी ही मालिका काढली. बीबीसीच्या ‘वॉच विथ मदर’ या लहान मुलांच्या वेळेत ती लागे. प्रत्येकी साधारण पंधरा मिनिटांचे तेरा भाग. पुढे त्याच काल्पनिक परगण्यातली दोन गावं आली, 1967 साली ‘ट्रम्प्टन’ आणि 1969 साली ‘चिगली’. तिन्ही मिळून अवघे 39 भाग, आणि तेवढ्यावर ब्रिटनमधल्या मुलांच्या दोन पिढ्या वाढल्या. गंमत म्हणजे हे सगळं चित्रण पहिल्यापासून रंगीत होतं, पण बीबीसीची मुख्य वाहिनी रंगीत झाली 1969च्या अखेरीस. म्हणजे पहिल्या प्रेक्षकांनी ते रंगीबेरंगी गाव काळं-पांढरंच पाहिलं.

बाहुल्या वीतभर उंचीच्या. प्रत्यक्ष चित्रण बॉब ब्युरा आणि जॉन हार्डविक यांनी केलं. बाहुली किंचित हलवायची, एक फ्रेम घ्यायची, पुन्हा किंचित हलवायची. सेकंदाला 25 फ्रेम धरल्या तर पंधरा मिनिटांना साडेबावीस हजार होतात. एकेक हालचाल दोन-दोन फ्रेम ठेवली तरी बाहुल्यांना हजारो वेळा हात लावावा लागतो. ओठ हलत नाहीत. सगळ्यांचे आवाज एकट्या ब्रायन कँट यांचे. ते वरून निवेदन करत नाहीत, रस्त्यात भेटलेल्या ओळखीच्या माणसाशी बोलावं तसं बाहुलीशी बोलतात. काय चाललंय, आज कुठे निघालात, असं विचारतात. बाहुली मान डोलावते, आणि मग आपण तिच्यामागून तिच्या कामावर जातो.

माझा मुद्दा इथेच आहे. या गावात प्रत्येकाला काम आहे आणि ते काम पडद्यावर दिसतं. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला एक संगीतपेटी वाजते, झाकण उघडतं आणि त्यातून गावातली एक व्यक्ती गोल फिरत वर येते. कधी डॉक्टर मॉप, कधी गॅरेजवाले क्रॉकेट, कधी मासे विकणारे कॅरावे, कधी धुराडी साफ करणारा रॉजर व्हार्ली. त्या दिवशीची गोष्ट त्या माणसाची. फ्रेडी फिलिप्स यांनी गिटारवर बांधलेलं त्याचं स्वतःचं गाणं असतं, आणि ते चालू असताना काम थांबत नाही. लहान मुलाला मोठ्या माणसांच्या कामाइतकं कुतूहल कशाचंच नसतं. आपण मात्र त्याला कामापासून दूर खेळायला पाठवतो.

विंडी मिलर हा पवनचक्कीवर पीठ दळणारा गडी सगळ्यांचा लाडका. त्याच्या चक्कीची पाती करकरत दारासमोरूनच फिरतात. विंडी दारातून बाहेर येतो तो दोन पात्यांच्या मधून, मागेपुढे न पाहता, अंगाला पातं चाटूनही न जाता. दर वेळी वाटतं की आता लागणार, आणि लागत नाही. माझी मुलगी तेवढ्यापुरती श्वास रोखून धरायची. वाऱ्याच्या लहरीशी इतकी वर्षं जमवून घेतलेल्या माणसाचं अंगवळणी पडलेलं कसब त्या चार सेकंदांत दिसतं, एका शब्दाचीही गरज पडत नाही. त्याचा शेजारी शेतकरी जोनाथन बेल. त्याचा यंत्रांवर भारी विश्वास, त्यामुळे जुनं चांगलं की नवं यावर दोघांची कायम हुज्जत. पण मालिका कोणा एकाला मूर्ख ठरवत नाही. दोघांनाही आपापलं काम येतं, आणि अडचणीच्या वेळी दोघेही एकमेकांना लागतात.

नाशिकला परतल्यावर मुलीने आधी काय मागितलं असेल, तर पिठाच्या गिरणीत नेण्याचा हट्ट धरला. आमच्या गल्लीतल्या गिरणीवाल्या काकांनी तिला जवळ उभं केलं. वरच्या चाडीत गहू ओतला, पट्टा सुरू केला आणि खाली कापडी नळीतून पडणारं पीठ तिच्या तळहातावर घेऊ दिलं. पीठ गरम असतं हे तिला माहीतच नव्हतं. मग प्रश्न सुरू झाले: गरम का? ज्वारीनंतर गहू टाकला तर मिसळत नाही का? दगडाला टाकी कधी लावता? काकाही खुलून सांगत होते. इतक्या वर्षांत त्यांना हे कोणी विचारलंच नव्हतं, असं म्हणाले. हा परिणाम साठीतल्या आठवणींचा खचितच नाही.

दुसऱ्या मालिकेतलं ट्रम्प्टन हे जरा मोठं, बाजारपेठेचं गाव. तिथलं अग्निशमन दल इंग्लंडमध्ये अजून तोंडपाठ आहे. कॅप्टन फ्लॅक हजेरी घेतात: प्यू, प्यू, बार्नी मॅग्रू, कथबर्ट, डिबल, ग्रब. घंटा होते, बंब निघतो, पण आग एकदाही लागलेली नसते. ज्वाळा, धूर, पाणी ही एकेक फ्रेम घेऊन हलवायला महाकठीण, म्हणून आग टाळली असं सांगतात. त्या अडचणीतून जे निघालं ते मला मोलाचं वाटतं. बंबवाले शिडी घेऊन गावकऱ्यांच्या लहानसहान अडचणींना धावतात, आणि भागाच्या शेवटी तेच गडी बागेत बँड वाजवतात. ‘चिगली’त तर बिस्किटांच्या कारखान्याचा सहाचा भोंगा झाला की कामगार नाचायला जमतात. दिवसभराचं काम आणि संध्याकाळची मजा एकाच माणसांच्या वाट्याला येते, हे मुलांना इतक्या सरळपणे दुसरीकडे कुठे दिसतं?

मालिकेत उणिवा आहेतच. बायकांच्या वाट्याला काम फार कमी आलंय. पोस्ट सांभाळणाऱ्या मिसेस डिंगल सोडल्या, तर मिसेस हनीमन कडेवर मूल घेऊन गावभर बातम्या पोचवत फिरतात. सगळी माणसं एकाच वर्णाची. ही कसर पुढे दुसऱ्या मालिकेने थोडी भरून काढली. उत्तर इंग्लंडच्या डोंगराळ खेड्यावर बेतलेली, 1981 साली आलेली ‘पोस्टमन पॅट’ ही तिच्याच वंशातली. तिच्या 2004 नंतरच्या भागांत बेन्स हे भारतीय वंशाचं कुटुंब गावात राहायला येतं आणि अजय बेन्स गावची रेल्वे चालवतो.

एकेक फ्रेम घेऊन वस्तू हलवण्याचं हे तंत्र आपल्याला परकं आहे असंही कोणी म्हणू नये. इथून जवळच त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम घेत, महिनाभराहून जास्त काळ चित्रित केली होती. 1915 साली ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी काड्या याच पद्धतीने नाचवल्या. तो चित्रपट आज उपलब्ध नाही. गॉर्डन मरे यांनी आपल्या बाहुल्या 1980च्या दशकात स्वतःच जाळून टाकल्या. 2016 साली, वयाच्या 95व्या वर्षी ते गेले. पण त्यांच्या फिती राहिल्या, त्या स्वच्छ करून पुन्हा काढल्या गेल्या, म्हणून त्या माझ्या मुलीपर्यंत पोचल्या. आपल्याकडे ती काळजी कोणी घेतली नाही याचं मला फार वाईट वाटतं.

मराठीत मुलांसाठी काही करणाऱ्या मंडळींना माझं कळकळीचं सांगणं आहे. राक्षस आणि जादूची कांडी थोडी बाजूला ठेवा. तांबट, कुंभार, गोधड्या शिवणाऱ्या बायका, एसटीचे वाहक, घरोघर फिरणाऱ्या आशाताई, पहाटे मंडईत माल उतरवणारे हमाल, या प्रत्येकाच्या कामात पंधरा मिनिटांची गोष्ट आहे. बाहुल्या करणारे हातही आपल्याकडे आहेत. रामदास पाध्ये यांच्या बाहुल्यांवर महाराष्ट्रातली किती मुलं वाढली!

आणि मालिका निघेल तेव्हा निघेल, आपल्या पुरवणीतलं मुलांचं पान तर आजही हातात आहे. तिथे दर रविवारी एका माणसाचं काम, अवजारांच्या चित्रांसह, सुरुवातीपासून शेवटपर्यंत छापाल का? पहिला मान पोस्टमनला द्यावा अशी विनंती. 3 जानेवारी 1966 रोजी त्या संगीतपेटीतून सर्वांत आधी वर आला तोही पोस्टमन पीटरच होता.

आपली,
एक नियमित वाचक, नाशिक