लिस्बन सोमवारी दाखवू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला ‘लिस्बन एका दिवसात’ हा लेख वाचला. लेख चांगला आहे, छायाचित्रेही सुरेख आहेत. पण ते शीर्षक काही माझ्या गळी उतरले नाही. मी हे शहर एका दिवसात पाहिले आहे आणि आठ दिवस राहूनही पाहिले आहे. म्हणून हे पत्र.

२०१९ साली मी आणि पत्नी एका सहल कंपनीबरोबर स्पेन-पोर्तुगालला गेलो होतो. बारा दिवसांत लिस्बनच्या वाट्याला एकच दिवस आला आणि तो नेमका सोमवार निघाला. बेलें भागातला जेरोनिमस मठ सोमवारी बंद असतो. बसमधून उतरलो तर दार बंद. ‘वीस मिनिटे आहेत, फोटो काढून घ्या,’ अशी सूचना झाली. कार्यक्रमपत्रिकेत छापले होते ‘जेरोनिमस मठ पाहणे’. ती पुढे केली तेव्हा सोबतचा मुलगा म्हणाला, ‘काका, बाहेरून पाहिलात ना?’ दुपारी सिंत्रा गावात तासभर सोडले. त्यातला अर्धा वेळ स्वच्छतागृहाच्या रांगेत गेला.

मी वसईचा. नोकरी बांधकाम खात्यात, कनिष्ठ अभियंता म्हणून निवृत्त झालो. किल्ल्यातल्या पडक्या चर्चच्या कमानींखाली खेळत मोठा झालो. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली, हे आमच्या गावच्या पोराला शाळेत जाऊन शिकावे लागत नाही. दोनशे वर्षे आमच्या किनाऱ्याचे हुकूम ज्या शहरातून सुटत होते, ते शहर बंद दार बघून सोडून यायचे, हे मनाला फार लागले. २०२३ च्या ऑक्टोबरात आम्ही दोघेच पुन्हा गेलो. ग्रासा टेकडीवर एक खोली घेतली आणि आठ रात्री तीच ठेवली. रोज बॅगा भरणे नाही, पहाटे पाचचा गजर नाही.

पहिल्याच दिवशी घरमालकीणबाईंनी हातात किल्ली ठेवली आणि म्हणाल्या, ‘शाव.’ हिने माझ्याकडे पाहिले. लिहितात ‘चावे’ असे काहीसे आणि म्हणतात ‘शाव’. आपली चावी ती हीच. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे बटाट्यावर पाटी ‘बटाटा’, कोबीला ‘कोव’, अननसाला ‘अननास’. हिला पोर्तुगीजचा गंध नाही, पण दुसऱ्या दिवसापासून भाजी तीच आणू लागली. पाव, साबण, लिलाव, घमेले हे शब्दही तिथूनच आपल्याकडे आले आहेत.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांच्या सणाची सकाळ. चर्च माणसांनी भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या आणि भूकंप झाला. मागोमाग नदीतून लाटा आल्या आणि कित्येक दिवस आग धुमसत राहिली. नदीकाठचा राजवाडा गेला, हजारो माणसे गेली. मग पोंबालचा मार्क्विस (हा सरदारकीचा किताब) म्हणून ओळखला जाणारा मंत्री उभा राहिला आणि त्याने बायशा हा मधला सखल भाग काटकोनातल्या रस्त्यांनी नव्याने वसवला. तिथली घरे वरून साधी दिसतात. पण भिंतीच्या आत लाकडी सांगाडा आहे, तिरक्या फुल्या मारून बांधलेला. त्याला तिथे ‘गायोला’, म्हणजे पिंजरा म्हणतात. दगडी भिंत कोसळली तरी पिंजऱ्याने मजले धरून ठेवावेत, हा विचार. नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावून तो तपासला, असे सांगतात. रुआ दोस कोरेइरोस नावाच्या गल्लीत एका बँकेच्या तळघरात या घरांखालचे पाइनचे खुंट दाखवतात आणि शेजारी रोमन काळातले मासे खारवण्याचे हौद. अर्ध्या तासासाठी उतरलो होतो, दीड तासाने वर आलो. लेखात या भागाबद्दल ‘खरेदीसाठी उत्तम’ एवढेच आहे, याचे वाईट वाटले.

भूकंपाआधीचे शहर बघायचे असेल तर टाइल्सच्या संग्रहालयात जावे. तिथे सुमारे २३ मीटर लांबीचे निळ्या टाइल्सचे चित्र आहे, १७०० च्या सुमाराचे. अख्खा नदीकाठ त्यात उभा आहे, गेलेल्या राजवाड्यासकट. मी सकाळी प्रासा दु कोमेर्सिओ चौकात उभा राहिलो होतो आणि दुपारी तीच जागा चित्रात बोटाने शोधत होतो.

रोसिओ चौकाजवळ पदपथाचे काम चालू होते, तेही सांगतो. एक कारागीर बसक्या स्टुलावर बसला होता. चुनखडीचा पांढरा तुकडा डाव्या तळहातावर घ्यायचा, छोट्या हातोडीने दोन ठोके द्यायचे, वाळूत बसवायचा आणि वरून एक ठोका. मोजमाप सगळे डोळ्यात. शेजारचा काळा बेसाल्ट लाटेच्या रेषेत जात होता. मी वीस मिनिटे तिथून हललो नाही. त्याने वर पाहून हसून एक खडा माझ्या हातावर ठेवला, तो आज माझ्या टेबलावर आहे. मात्र हे पदपथ पावसात फार निसरडे होतात. वयस्कर मंडळींनी रबरी तळाचे बूट न्यावेत. हिचा एकदा पाय घसरला, कठडा हाताशी होता म्हणून निभावले.

मठात आम्ही मंगळवारी सकाळी पोहोचलो. या मठाचे बांधकाम सोळाव्या शतकाच्या अगदी आरंभी सुरू झाले, तेही बऱ्याच अंशी पूर्वेकडून येणाऱ्या मालावरच्या पाच टक्के कराच्या पैशातून. त्या कराचे नावच ‘मिरीचा विसावा हिस्सा’. आत शिरताच वास्को द गामाची कबर आहे, दगडात कोरलेल्या जाड दोरखंडांची. १५२४ मध्ये तो कोचीला वारला, आधी तिथेच पुरला होता, अस्थी नंतर पोर्तुगालला नेल्या. समोर कवी कामोंइशची कबर, तोही गोव्यात राहून गेलेला. तिथे मला अभिमान वाटला नाही आणि रागही आला नाही. एवढे खांब, एवढी कोरीव कामे, आणि मुळाशी मिऱ्याचे दाणे, हा हिशेब डोक्यातून जाईना. हीसुद्धा बराच वेळ गप्प होती.

बेलेंचा बुरूज शेजारीच आहे. ओहोटीला त्याच्या कडेच्या वाळूत उतरता येते. पश्चिमेकडच्या टेहळणीच्या घुमटीखाली गेंड्याचे डोके कोरले आहे. ते आता इतके झिजले आहे की कुणी दाखवल्याशिवाय कळत नाही. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला दिलेला गेंडा गोव्याहून जहाजाने १५१५ च्या मे महिन्यात इथे उतरला होता, ही त्याची आठवण. २०१९ मध्ये आम्ही याच बुरुजापुढे फोटो काढले होते. गेंड्याचा शब्दही कुणी काढला नव्हता.

आजूबाजूच्या गावांसाठी बस ठरवायची गरजच नाही. रोसिओ स्टेशनातून सिंत्राची लोकल सुटते. फलाट वरच्या अंगाला, आणि गाडी सुटते ती थेट अडीच किलोमीटरहून लांब बोगद्यात. पाऊण तासात सिंत्रा. पेना राजवाड्याचे तिकीट वेळ नेमून मिळते, ते आधीच काढावे आणि सकाळचे पहिले घ्यावे. उतरताना मूरांचा, म्हणजे उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुसलमानांचा, किल्ला पाहावा. तटावरून चालताना मला आपल्या गडांची आठवण झाली. रेगलेराची वाडी ओलांडून त्याच रस्त्याने पुढे गेले की पेन्हा व्हेर्द ही जुनी वाडी लागते. ती जुआंव द कास्त्रो या पोर्तुगीज दर्यावर्दीची. १५३८-३९ मध्ये गोव्यापासून दीवपर्यंतचा किनारा त्याने बारकाईने लिहून ठेवला, घारापुरी आणि कान्हेरीची लेणीही. पुढे तो व्हाइसरॉय झाला आणि १५४८ मध्ये गोव्यात वारला. त्या वाडीत सोमनाथहून नेलेला संस्कृत शिलालेख आहे, विक्रम संवत १३४३ चा. वाडी खासगी असल्याने आत जाता येत नाही. आम्ही भिंतीशी उभे राहिलो, हिने हात जोडले आणि परत फिरलो.

समुद्रकाठच्या कास्काइश गावाची गाडी काइश दु सोद्रे स्टेशनातून सुटते. जाताना डाव्या खिडकीशी बसावे, नदीचा समुद्र होताना दिसतो. एव्होरा हे जुने शहर दीड तासावर. रोमन देवळाचे खांब आणि हाडांनी मढवलेले प्रार्थनाघर पाहून संध्याकाळी खोलीवर परतता येते.

सहल कंपन्यांना माझी विनंती आहे. कार्यक्रमपत्रिकेत शहरापुढे तारखेबरोबर वारही छापा आणि वास्तू आतून दाखवणार की बाहेरून, ते स्पष्ट लिहा. लोक आयुष्यभराच्या बचतीतून एकदाच जातात. आणि संपादक महोदय, हा लेख वाचून आमच्यासारखी कितीतरी जोडपी बेत आखतील. पुढच्या रविवारी ‘जेरोनिमस मठ सोमवारी बंद’ एवढी एक ओळ तरी चौकटीत छापावी.

आपला,
एक निवृत्त कनिष्ठ अभियंता,
वसई, जि. पालघर