दगडावर ॲबिगेल, घरात गॉबनिट

कॉर्क,
१५ फेब्रुवारी

प्रिय सुमे,

परवा फोनवर तू टोमणा मारलास, "स्वतःच्या पणजीचं नाव ठाऊक नाही आणि निघाली नवऱ्याच्या पणजीला शोधायला!" तेव्हा मी हसून विषय बदलला, कारण फोनवर ही गोष्ट सांगायची म्हणजे तुझा वरणभाताचा कुकर तीनदा होऊन गेला असता. आता निवांत लिहिते. चहा घेऊन बस.

झालं काय, सासरे नव्वदीला टेकले. त्यांना जुन्या आठवणी काढायची लहर येते तेव्हा ते त्यांच्या आजीचा विषय काढतात. तिला त्यांनी पाहिलेलं नाही. ती गेली त्यानंतर कितीतरी वर्षांनी हे जन्मले. पण वडिलांच्या तोंडून ऐकलेलं सगळं पाठ. आजीचं नाव ते घेतात 'गॉबी'. पूर्ण नाव गॉबनिट. आणि बॅलीव्हूर्नीच्या कबरस्तानात त्याच आजीच्या दगडावर कोरलंय ॲबिगेल. सासूबाईंकडे एक जुनी प्रार्थनेची पोथी आहे, तिच्यात पहिल्या पानावर डेबोरा. आता सासूबाईंचा स्वभाव तुला ठाऊक आहे. त्यांनी निकाल लावून टाकला की आजोबांची तीन लग्नं झाली होती आणि सासरच्या माणसांनी ही गोष्ट दडवून ठेवली. सासऱ्यांनी त्या दिवशी जेवण अर्धं टाकलं. मग मला या भानगडीत पडणं भागच होतं.

आधी नावाचं सांगते. संत गॉबनिट ही बॅलीव्हूर्नीची ग्रामदेवता म्हण ना. आयर्लंडमधल्या या कॉर्कच्या पश्चिमेला, मॅक्रूमच्या पुढे, अजूनही आयरिश बोलतात असा तो टापू. मधमाश्यांची ती राखणदार. गुरं पळवायला आलेल्या चोरांवर तिनं माश्या सोडल्या अशी कथा आहे. देवदूतानं तिला सांगितलं होतं, नऊ पांढरी हरणं एकत्र चरताना दिसतील तिथं तुझं स्थान. एका ठिकाणी तीन दिसली, दुसरीकडे सहा, आणि बॅलीव्हूर्नीत नऊ. तिच्या नावाचा संबंध लोहाराच्या 'गोबा' या शब्दाशी लावतात, आणि गंमत म्हणजे १९५१ साली एम. जे. ओकेली या पुरातत्त्वज्ञांनी तिच्या स्थानाजवळ खणलं तर खरोखरच लोखंडाच्या कामाच्या खुणा सापडल्या. ११ फेब्रुवारीला तिचा सण असतो. तेराव्या शतकातली तिची छोटी लाकडी मूर्ती त्या दिवशी बाहेर काढतात आणि लोक तिच्या अंगाला रिबीन लावून माप घेतात, उभं आणि आडवं. ती रिबीन वर्षभर घरात ठेवायची, कुणी आजारी पडलं की अंगाला बांधायची. परवाच जाऊन आले. तुझ्या घशाच्या दुखण्यासाठी एक रिबीन या पत्रासोबत घातली आहे. विश्वास ठेव नाहीतर नको ठेवूस, फेकू मात्र नकोस.

तर त्या मुलखात मुलींची नावं गॉबनिट असायची, जशी आपल्याकडे जेजुरीच्या पट्ट्यात म्हाळसा. पण इंग्रजीत कागद करायची वेळ आली की लिहिणाऱ्याची पंचाईत. मग कुणी ॲबिगेल लिहायचं, कुणी ॲबी, कुणी डेबोरा. डेबोरा का, तर हिब्रूत त्या नावाचा अर्थ मधमाशी. एवढं पाद्रीबुवांना ठाऊक होतं. ॲबिगेल का, याचं मला पटेल असं उत्तर कुणी दिलं नाही, पण कॉर्क आणि शेजारच्या केरी परगण्यात ही जोडी सर्रास. नुसत्या बायकांचीच ही गत नव्हती, बरं का. टाइगचे कागदावर टिमथी किंवा थॅडियस होत, डिअरमुइडचे जेरेमाया, आणि फिनीन नावाचे दणदणीत पुरुष कागदावर फ्लॉरेन्स! मिशीवाला फ्लॉरेन्स पहिल्यांदा वाचला तेव्हा मी कचेरीतल्या मैत्रिणीला फोटो पाठवला होता.

आता शोधाचं. इथं पूर्वज शोधणाऱ्यांचं रडगाणं एकच: १९२२. इथल्या यादवी युद्धात ३० जूनला डब्लिनच्या फोर कोर्ट्स या कोर्टाच्या इमारतीतला सरकारी दप्तरखाना जळून खाक झाला. १८२१ ते १८५१ पर्यंतच्या जनगणनेचे बहुतेक कागद त्यात गेले. १८६१ आणि १८७१ चे तर सरकारनंच आधी नष्ट केले होते, आणि १८८१, १८९१ चे पहिल्या महायुद्धात कागदटंचाई म्हणून लगद्यात घातले. म्हणून त्या आगीआधीच्या जनगणनांपैकी पूर्ण शिल्लक आहेत त्या १९०१ आणि १९११ च्या दोनच. त्या मात्र फुकट, घरबसल्या, मूळ फॉर्मच्या फोटोसकट पाहता येतात. जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १८६४ पासून सुरू झाली. त्याआधी जन्मलेल्यांसाठी चर्चची वही. त्या वह्यांचे फोटो नॅशनल लायब्ररीनं २०१५ मध्ये खुले केले, पण त्यांच्याकडे नावांची सूची नाही. पान न् पान डोळ्यांखालून घालायचं. लॅटिन, कोंबडीच्या पायांचं अक्षर, त्यावर शाईचे डाग.

मी आधी 'गॉबनिट' टाकून जनगणनेत शोधलं. शून्य. मग नावाची जागा रिकामीच ठेवली आणि फक्त आजोबांचं नाव आणि टाउनलँड टाकलं. टाउनलँड म्हणजे आपल्या वाडीएवढा जमिनीचा तुकडा. अख्ख्या देशात असे साठ हजारांवर आहेत आणि इथल्या माणसाची ओळख त्याच्यावरून. आडनावाचा उपयोग नाही, कारण त्या खोऱ्यात एका आडनावाची चाळीस घरं, आणि प्रत्येकाला टोपणनाव लावल्याशिवाय पोस्टमनलाही पत्ता लागत नाही.

१९०१ चा फॉर्म उघडला. आजोबांना लिहिता येत नव्हतं, म्हणून सहीच्या जागी फुली आणि बाकी अक्षर पोलिसाचं. पोलीसच घरोघर फिरून फॉर्म गोळा करायचे, आणि त्या काळच्या पोलिसाला स्वतःच्या जिल्ह्यात नेमणूक मिळत नसे. म्हणजे हा बाहेरगावचा माणूस. त्याला ऐकू आलं ते त्यानं लिहिलं: 'गबनेट'. वय ५४, भाषा आयरिश आणि इंग्रजी, वाचता येत नाही. सगळ्या कागदांत मला हाच सर्वांत प्रामाणिक वाटतो. त्याला संत माहीत नव्हती, हिब्रू माहीत नव्हतं, त्यानं फक्त कान दिला.

१९११ मध्ये अक्षर बदललं. सुबक, शाळेतलं. धाकट्या मुलानं, म्हणजे सासऱ्यांच्या वडिलांनीच, फॉर्म भरला होता. आणि त्यानं आईला ॲबिगेल केलं. पोरगा इंग्रजी शाळेत शिकलेला, सरकारी कागद, मग घरातलं नाव कसं लिहायचं? मला त्याचा जरा रागच आला, पण माझ्या वडिलांनी आजीचं 'ठकी' काढून रेशनकार्डावर 'सुलोचना' लिहिलं होतं, ते आठवून गप्प बसले.

याच १९११ च्या फॉर्मात सासूबाईंच्या सिद्धान्ताचा निकाल लागला. त्या वर्षी एक नवा रकाना होता: सध्याच्या लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, त्यातली हयात किती. तिथं लिहिलंय ४३, ९ आणि ६. म्हणजे १८६८ पासून बायको एकच! मॅक्रूमच्या नोंदीत लग्नही सापडलं, फेब्रुवारीतलं. लेंटचा उपासकाळ सुरू झाला की इथं लग्नं बंद, म्हणून सगळी घाई त्याआधी. चर्चच्या वहीत नऊही मुलांचे बाप्तिस्मे मिळाले. आईचं नाव कधी ॲबी, कधी डेबोरा, एकदा 'गोब्नाटा' असं लॅटिनात. पण प्रत्येक ठिकाणी तिचं माहेरचं आडनाव तेच. इथल्या कॅथलिक नोंदीत आई माहेरच्या आडनावानं लिहितात, सुमे. हे वाचून मला काय वाटलं ते तुला सांगायला नको. आपल्या वंशावळीत बाईच्या जागी नुसता 'पत्नी' असतो, तोही असला तर.

वय मात्र वाढलंच, आणि कसं! १९०१ मध्ये ५४, १९११ मध्ये ७०. दहा वर्षांत सोळा. मला वाटलं नकलकाराची चूक, पण शेजारच्या घरांतही म्हातारे असेच झपाट्यानं म्हातारे झालेले. कारण १ जानेवारी १९०९ पासून सत्तरीच्या माणसाला आठवड्याला पाच शिलिंग पेन्शन मिळू लागलं होतं. जन्मदाखला कुणाकडेच नाही. मग वय सिद्ध कसं करायचं? तर अर्जदारानं आईबापांचं नाव आणि टाउनलँड कळवायचं, आणि डब्लिनचा कारकून १८४१ किंवा १८५१ च्या जनगणनेत ते घर शोधून उत्तर लिहायचा. जनगणना पुढं जळली, पण कारकुनांनी भरलेले ते शोधफॉर्म बऱ्याच संख्येनं उरले आणि आता राष्ट्रीय अभिलेखागाराकडे पाहायला मिळतात.

तिचा फॉर्म आहे. अर्जात ॲबिगेल. वडिलांचं नाव, आईचं नाव, माहेरची टाउनलँड. खाली कारकुनानं १८५१ च्या कागदावरून उतरवलेली ओळ: ॲबी, मुलगी, वय ७. म्हणजे जन्म १८४४ च्या आसपास, म्हणजे १९११ मध्ये बाई सदुसष्ट वर्षांची होती आणि पाच शिलिंगांसाठी बेधडक तीन वर्षं वाढवत होती. १९०१ मध्ये तिनं तीन वर्षं चोरली होती, ती व्याजासह परत केली म्हणायची. सासऱ्यांना हे वाचून दाखवलं तर ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मला मात्र त्या सात वर्षांच्या मुलीची ओळ पुनःपुन्हा वाचाविशी वाटत होती. १८४५ पासून बटाटा सडला, दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली, आणखी निदान दहा लाख देश सोडून गेली. १८५१ ची जनगणना त्याच्या लगेच नंतरची. मूळ कागदाची राख झाली. तिची ओळ वाचली ती केवळ म्हातारपणी तिनं पेन्शनचा अर्ज केला म्हणून.

पोथीतली डेबोरा कोण, तेही कळलं. ती पोथी मोठ्या नातीची. इथं रीत अशी की पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव, दुसरीला वडिलांच्या आईचं. थोरल्या लेकीची पहिली मुलगी ती, म्हणून आजीचं नाव तिला. पाद्रीबुवांनी डेबोरा लिहिलं. सगळ्या नातींची नावं लावून पाहिली तर एका घरी ॲबिगेल, एका घरी डेबोरा, एकीच्या घरी साधी ॲबी, आणि त्या सगळ्यांना हाक एकच, गॉबी. ही सासऱ्यांची साक्ष, कागदाची नव्हे.

अगं, एक मजा राहिलीच. नावाचा उलटा प्रवास केलेली एक बाई होऊन गेली. ॲल्बिनिया ब्रॉड्रिक, बड्या उमराव घराण्यातली इंग्रज लेक. ती परिचारिका झाली, केरीत येऊन राहिली, कट्टर आयरिश प्रजासत्ताकवादी बनली आणि स्वतःला गॉबनिट नी व्रुआदर म्हणवू लागली. तिचा सख्खा भाऊ सेंट जॉन ब्रॉड्रिक १९०३ ते १९०५ भारतमंत्री होता, म्हणजे कर्झनसाहेबाचा लंडनमधला वरिष्ठ! वंगभंगाच्या वर्षी लंडनमध्ये भाऊ हिंदुस्थानचा कारभार बघतोय, आणि बहीण पुढं साम्राज्याविरुद्ध उभी राहतेय. यावर तुझे आबा असते तर तासभर बोलले असते.

सासूबाई अजून हटलेल्या नाहीत. त्यांचं म्हणणं, दगडावर जे कोरलंय तेच खरं, बाकी सगळं अंदाज. दगडावर खाली कंसात 'गॉबनिट' कोरून घ्यायचं सासऱ्यांच्या मनात आहे, आणि पाथरवटाचा दर अक्षरामागे आहे हे कळल्यापासून सासूबाई 'ॲबी' पुरे म्हणतात. घरात सध्या यावर शांतता नाही.

आता तुझं काम. तुझ्या मामांनी त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे तुमच्या घराण्याची नामावळी पाहिली होती ना? आमचे उपाध्याय कोण हे शोधायला गाव आणि कूळ सांगावं लागतं, एवढं मला आठवतं. मामांना विचारून नाव-पत्ता कळव, आणि त्यांच्या चोपड्यात बायकांची नावं लिहिलेली असतात का तेही विचार. मे महिन्यात येतेय तेव्हा दोघी जाऊ. तुझ्या टोमण्याचं उत्तर द्यायचंय मला.

घशाला रिबीन बांध. मुलांना आशीर्वाद, भाऊजींना नमस्कार.

तुझी,
नंदा